रश्श्याचं मीठ

गोदीच्या कामगारांच्या वसतिगृहाचे मुख्य आचारी एका पहाटे झोपेतच गेले. त्यांच्या जागी कोणाला घ्यायचं यावर व्यवस्थापकांनी फार डोकं चालवलं नाही. आचाऱ्यांना सगळे दादा म्हणत, म्हणून त्यांची बायको सगळ्यांची वहिनी. वहिनींना स्वयंपाक येतो, घर तीन गल्ल्या पलीकडे आहे आणि घरात मिळवतं दुसरं कोणी नाही. दोन महिने करून बघा, नाही जमलं तर पुढचं पुढे, असं ते म्हणाले. पंधरा दिवसांनी वहिनी नवऱ्याचा ॲप्रन कमरेला दोन वेढे घालून बांधून शेगडीपुढे उभ्या राहिल्या.

दोन माणसांचा स्वयंपाक आणि एकशेवीस माणसांचा स्वयंपाक यात फरक तो काय, पातेलं मोठं एवढंच, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ते पातेलं ढवळून बघावं. पहिल्याच दिवशी वहिनींच्या नाकी नऊ आले. भाज्या चिरणाऱ्या दोघी अकराला जेवणघराकडे गेल्या, पाव मोजायला. रस्सा रटरटत होता. वहिनी पाच मिनिटं मागच्या पायरीवर जाऊन वारा घेऊन आल्या, घंटा झाली, वाढप सुरू झालं आणि अर्धी पंगत उठल्यावर त्यांना आठवलं. रश्श्यात मीठच टाकलं नव्हतं.

मिठाची बरणी घेऊन त्या जेवणघरात धावल्या. तिथे कोणाचं तोंड वाकडं नव्हतं. बर्फाच्या मुलखातून आलेला क्रेनवाला, वाळवंटाच्या कडेचा रंगारी, कुठल्याशा बेटांवरचे तिघे वेल्डर भाऊ, सगळे माना खाली घालून पाव बुडवत होते. या लोकांचा एक जुना वाद होता. हा रस्सा माझ्या आईच्या हातचा लागतो असं प्रत्येक जण म्हणे, आणि आया तर एकमेकींपासून हजारो मैल लांब. क्रेनवाल्याने वहिनींकडे बघून छातीवर हात ठेवला. वहिनींनी एक घोट घेतला. मीठ होतं. नेमकं दादांच्या हातचं, जिभेच्या कडेला कळेल न कळेल असं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम मीठ टाकलं नाही. पायरीवर जाऊन आल्या आणि चाखून बघितलं, तर मीठ बरोबर. तिसऱ्या दिवशीही तेच. स्वयंपाकघरात त्या वेळी कोणीही नसे. म्हणजे मोरीपाशी ताटं धुणारा मुका असे, पण त्याला कोणी माणसांत मोजत नसे. खरं तर तो मुका नव्हताच. त्याची भाषा त्या अख्ख्या वसतिगृहात कोणाला येत नव्हती, म्हणून लोकांनी आपल्या सोयीने त्याला मुका करून टाकलं होतं. सहा वर्षं तो भिंतीकडे तोंड करून ताटं घासत होता आणि त्याची पाठ त्या भिंतीचाच भाग झाली होती.

तेव्हा वहिनींच्या मनाने घेतलं की हे आलेत.

आनंद व्हायला हवा होता, पण वहिनी घाबरल्या. त्याचं कारण त्यांच्या घरच्या स्वयंपाकघरात होतं. दोन वर्षांपूर्वी दादांना मोठा ताप आला होता. तापातून उठले तेव्हा डॉक्टरांनी रक्तदाबाचं सांगितलं, मीठ निम्म्यावर आणा म्हणाले. वहिनींनी ते पाव हिश्श्यावर आणलं. एकशेवीस माणसांना जेवू घालणारा आचारी घरून अळणी डबा नेतो म्हणून गल्ली हसायची. हसू दे. पण त्याच दिवसांपासून दादांनी जेवताना बोलणं सोडलं. आधी घास तोंडात गेला की काहीतरी म्हणायचेच. आज जमलंय, आज घाई केलीस, वांगं कोवळं मिळालं वाटतं. नंतर मान खाली, ताट साफ, हात धुतला, संपलं. वहिनींनी एकदा विचारलं, तर “ठीक आहे,” म्हणाले. त्यांनी परत विचारलं नाही. दोन वर्षं एका ताटाच्या अंतरावर बसून दोघांनी तोंडं मिटून जेवणं केली, आणि मग एका पहाटे ते गेलेच.

रागावले होते ते, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं. आता येऊन बायकोच्या पातेल्यात मूठमूठ मीठ टाकत होते. दोन वर्षं मला जे दिलं नाहीस ते बघ, असंच सांगत होते. दुसरा काय अर्थ निघणार?

मग वहिनी त्यांना वेळ द्यायला लागल्या. सव्वाअकराला शेगडी बारीक करायच्या, मिठाच्या बरणीचं झाकण सैल करायच्या आणि हळूच म्हणायच्या, “अळणी लागायचं म्हणून बोलत नव्हतात का? एकदा सांगा, मग खुशाल जा.” मग बाहेर जाऊन दार ओढून घ्यायच्या. परत येताना दारावर टकटक करायच्या. स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारावर! भाज्या चिरणाऱ्या दोघींपैकी एकीने ते पाहिलं आणि दुसरीला सांगितलं. दोघींनी मिळून ठरवलं की वहिनींना चार दिवस विश्रांती हवी.

विश्रांती कुठली. घरी वहिनी एकटीपुरतं शिजवायच्या आणि त्यात मिठाचा कणही घालायच्या नाहीत. ते पिठूळ, पांचट अन्न समोर घेऊन बसायच्या. बहीण येऊन म्हणाली, माझ्याकडे चल, हाडं दिसायला लागली तुझी. वहिनींनी ताकास तूर लागू दिली नाही. मी गेले तर सव्वाअकराला त्यांना दार कोण मोकळं करून देणार, हे बहिणीला सांगायची सोय नव्हती.

दोन महिने भरले त्या दिवशी व्यवस्थापक मागच्या पायरीवर आले. कोणाची तक्रार नाही, उलट रंगाऱ्याने तर दादांपेक्षा चांगलं होतंय असं लिहून दिलंय, उद्यापासून जागा कायमची तुमची, असं सांगून गेले. वहिनी हे ऐकून उठल्या त्या सरळ आत. खबर आधी यांना सांगायची या घाईत टकटक करायचं राहून गेलं.

पातेल्यापाशी मुका उभा होता. एका हातात बरणी, दुसऱ्या हातात चमचा. त्याने ओठांशी चमचा नेला, डोळे मिटले, चिमूटभर मीठ आणखी टाकलं.

वहिनींना इतका राग कशाचाच आला नव्हता. बरणी हिसकावून घेतली. कोणी सांगितलं तुला, कोणाच्या पातेल्याला हात लावतोस, चालता हो इथून, असं जे तोंडाला येईल ते त्या बोलल्या. खरं तर त्याच्यामागे ज्याला शोधत होत्या तो तिथे नव्हता, त्याचा तो राग होता. मुका भिंतीला टेकला. त्याला इथली भाषा तीसएक शब्दांपुरतीच येत होती. ते सगळे स्वयंपाकघरातले होते आणि सगळे दादांनी शिकवलेले होते.

“दादा सांग,” तो म्हणाला. “दोन वर्ष. दादा ताप. मग जीभ नाही.”

वहिनींना कळेना. तेव्हा त्याने चमचाभर मीठ स्वतःच्या जिभेवर ठेवलं आणि चेहरा दगडासारखा ठेवून ते गिळून दाखवलं. मग बोट दादांच्या ॲप्रनकडे केलं. तो वहिनींच्याच अंगावर होता.

हळूहळू, ओढूनताणून, हातवाऱ्यांनी सगळं बाहेर आलं. तापाने दादांची चव गेली ती परत आलीच नाही. चव नसलेल्या आचाऱ्याला कोण ठेवणार? ताटं धुणाऱ्याला मात्र कुठल्या टेबलावरून काय उरून येतं, कोण काय चाटूनपुसून खातो, हे पाठ झालेलं असतं. क्रेनवाला आंबट ताटात सोडतो, बेटांवरचे भाऊ तळाचं घट्ट शोधतात, हे तो ताटांवरून वाचायचा आणि दादांना दाखवायचा. मग सव्वाअकराला दादा पायरीवर जायचे आणि तो मीठ टाकायचा. दादा गेल्यावर वहिनीही सव्वाअकराला बाहेर जाऊ लागल्या, दार ओढून, झाकण सैल करून. त्याला वाटलं, काम चालू ठेव असंच सांगताहेत.

“मला का नाही सांगितलं त्यांनी?” वहिनी म्हणाल्या. विचारलं त्याला नव्हतंच, पण त्याने उत्तर दिलं.

“दादा म्हण, वहिनी रड.”

वहिनी खाली बसल्या. अन्नाबद्दल तो माणूस आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. चव कळत नसताना छान झालंय म्हणणं त्याला जमलं नसतं, आणि कळत नाही हे सांगणंही जमलं नाही. म्हणून दोन वर्षं मान खाली घातली. आणि त्या? त्यांनी एकदा विचारून सोडून दिलं. दुसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं?

मुका त्यांच्यासमोर उकिडवा बसला. सांगावं की नाही असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“डबा,” तो म्हणाला. “दादा डबा उघड. पहिला घास मला. रोज. मग विचार, कसं?”

“माझा डबा? तुला विचारायचे?”

“रोज.”

“मग तू काय सांगायचास?”

तो अवघडला. खोटं बोलायला त्याच्याकडे शब्द कमी होते. “मीठ कमी,” तो म्हणाला. “रोज मीठ कमी. भाजी चांगली, मऊ चांगली. मीठ कमी.”

“आणि ते?”

“दादा हस. हात असा,” त्याने मनगटावरची नाडी दाबून दाखवली, डॉक्टर दाबतात तशी. “म्हण, माझ्यासाठी कमी.” मग डब्याच्या कडा बोटाने पुसून चाटल्याचं करून दाखवलं. “मी मागितलं, आणखी. दादा नाही दिला. म्हणाला, माझं.”

बाहेर घंटा झाली. जेवणघरात एकशेवीस माणसं ताटं वाजवत बसली होती. आपण आणि मुका सोडून स्वयंपाकघरात दुसरं कोणी येत नाही आणि येणारही नाही हे वहिनींना आता कळलं होतं, आणि दादा गेल्यानंतर पहिल्यांदा त्या मोठ्याने रडल्या. मुक्याने पातेलं उतरवलं आणि एकट्यानेच बाहेर नेलं. त्या दिवशी जेवण वीस मिनिटं उशिरा वाढलं गेलं.