मधली पट्टी

“मधल्या पट्टीले हात नका लावू म्हने, एवढंच सांगतलं त्याइनं,” साधना म्हणाली आणि रऊफच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“कोनं सांगतलं?”

“चंद्रभानकाकांनं. अमरावतीले गिटार आधी त्याइच्याकडंच नेली होती. आरसा टाकून आत पाह्यलं अन् म्हने, हे मी नाही करत, अकोल्याले रऊफकडं घेऊन जाय.”

“अन् पट्टीले हात काहून नाही लावाचा?”

“ते नाही सांगतलं. म्हने, रऊफले दिसते.”

रऊफनं गिटार पुढ्यात ओढली. गिटार साधनाच्या वडिलांची, पंजाबरावांची. तरुणपणी ते चांदूर रेल्वेच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांच्यामागे साधना शाळेतल्या पोरांना त्याच गिटारवर गाणी शिकवायची. परवा एका लग्नात गिटार बंद गाडीत राहून गेली. मे महिन्यातलं रणरणतं ऊन, त्यात गाडीच्या काचा बंद. तारा जिथं बांधतात तो ब्रिज एका बाजूनं उचलला गेला होता आणि समोरची फळी पुरीसारखी फुगली होती.

“बाबाची एवढी एकच वस्तू राह्यली चाचा,” साधना निघताना म्हणाली. “पाहा बरं.”

ती गेल्यावर रऊफनं आरसा आणि टॉर्च काढला. चंद्रभान आणि तो, दोघं वाद्यं दुरुस्त करायचं काम याच दुकानात शिकले. उस्ताद म्हणजे रऊफचे अब्बाच. पण अब्बा पटाशीनं कधीकाळी तिरपा चिरलेला आपला अंगठा चंद्रभानच्या पाठीवर ठेवून गिऱ्हाइकांदेखत सांगायचे, “हाथ तो इसका है.” पोटचा पोरगा तिथंच पेटीचे सूर घासत बसलेला असायचा. अब्बा गेले, चंद्रभाननं अमरावतीला दुकान टाकलं, दोघांचे केस पिकले, पण रऊफच्या पोटातलं ते दुखणं काही गेलं नाही.

आरशात त्याला दिसलं, की उन्हानं कंपनीचा डिंक जागोजागी सुटलाय. फळीला आतून टेकू देणाऱ्या दोन पट्ट्या लोंबताहेत. मधली मात्र कुणीतरी कधीकाळी सरसानं बसवलेली, ती केसभर हललेली नाही. ही चंद्रभानचीच, आणखी कुणाची असणार! आपलं काम मिरवायला पाठवलंय त्यानं. रऊफनं खोट शोधायला आरसा कलता केला, तर पट्टीच्या टोकाशी सरसाचा एक सुकलेला थेंब सापडला. त्याला केवढा आनंद झाला!

“थेंब पुसाचंबी भान नाही अन् मले शिकवते!”

“कोनाशी भांडून राह्यले एकटेच?” चहा घेऊन आलेल्या बायकोनं, हलीमाबीनं विचारलं.

“चंद्रभानशी.”

“तो अमरावतीत बसला हाये ना,” ती हसली. “त्याले आयकू नाही येत.”

चहा तसाच निवला. सुटलेल्या पट्ट्या बसवून काम भागलं असतं, हे रऊफला चांगलं कळत होतं. तरी त्यानं पातळ सुरी तापवली आणि हात आत घालून मधल्या पट्टीखाली सरकवली. सगळंच जुनं काम गेलं होतं, चंद्रभानचंही गेलं होतं, असं साधनाला सांगायचं. तिच्या तोंडून ते अमरावतीला पोचलंच असतं. पट्टी काही केल्या सुटेना. त्यानं सुरी पुन्हा तापवली, पुन्हा घातली. घाम डोळ्यांत उतरला. शेवटी कडकन आवाज झाला आणि पट्टी हातात आली.

उजेडात धरली तेव्हा त्याला दिसलं, की टोकाशी राहिलेल्या अर्ध्या थेंबावर अंगठ्याचा ठसा आहे. ठशातून एक तिरपी चीर गेलेली. त्यानं गिटार उलटी करून हलवली. उरलेला अर्धा थेंब काचेच्या खड्यासारखा तळहातावर पडला. तुकडा तुकड्याला जोडून पाहिला. चीर नीट जुळली.

काम झालं की पट्टीच्या टोकाशी आलेला सरस अब्बा अंगठ्यानं दाबायचे. रऊफनं ते लहानपणापासून रोज पाहिलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. चंद्रभानच होता.

“पोहचली का पोरगी? पाह्यली ना पट्टी?”

“पाह्यली.”

“म्या आरसा टाकला अन् हात मागंच घेतला, भाऊ. उस्तादचा अंगठा! म्हटलं, आपन नाही शिवाचं. लेकाच्या दुकानात जाऊ दे. तू ओरखला असशीन ना?”

चंद्रभानला आरशात ओळखू आला. सख्ख्या पोराला समोर असून आला नाही. अब्बांच्या मागेही तोच पुढं गेला, आणि या घटकेलाही रऊफला त्याचा हेवा वाटला. त्याचा त्यालाच राग आला, पण वाटला.

“हे काय इचारनं झालं?” रऊफ म्हणाला. “पाह्यल्याबरोबर ओरखला.”

“अन् हात नाही ना लावला?”

“नाही.”

फोन ठेवून त्यानं सरस गरम करायला ठेवला. दुसऱ्या दिवशी फळी दाबून सपाट झाली, सुटलेल्या पट्ट्या बसल्या. शेवटी त्यानं मधली पट्टी तिच्या जुन्या जागी बसवली. टोकाशी सरसाचा नवा थेंब आला. अब्बांसारखाच रऊफचा अंगठा पुढं गेला आणि थांबला. मग त्यानं ओलं फडकं घेतलं आणि थेंब स्वच्छ पुसून काढला.