बेबीला फिरवता येतील अशा खुंट्या

खुंटी सटकण्याचा आवाज मला झोपेतही ओळखू येईल. आधी लाकूड कुरकुरतं, मग खुंटी टर्रकन मागे फिरते आणि तार ढिली पडून पट्टीवर लोळते. गेल्या हिवाळ्यात हा आवाज मी इतक्यांदा ऐकला की वाजवण्यापेक्षा तारा जुळवण्यातच सकाळ जायची. गजाला हात लावेपर्यंत चहा थंड आणि डोकं गरम.

हे व्हायोलिन माझ्या एकटीचं नाही. माझं आणि माझ्या धाकट्या बहिणीचं आहे. सत्तरी ओलांडली तरी तिला सगळे बेबीच म्हणतात. आमचे वडील दिवसा कपडे शिवायचे आणि संध्याकाळी नाटकगृहातल्या वाद्यवृंदात वाजवायचे. मुली दोन आणि वाद्य एक, म्हणून त्यांनी आमच्या लहानपणीच वाटणी करून टाकली. एक दिवस हिचा, एक दिवस तिचा. लग्नं होऊन आम्ही वेगवेगळ्या गावी गेलो तेव्हा दिवसाचे सहा महिने झाले, एवढाच फरक. वडिलांचा एक नियमही होता. जिच्या घरी वाद्य, तिचा शब्द. तारा कुठल्या लावायच्या, हनुवटीखालची वाटी कुठली बसवायची, यात दुसरीने तोंड घालायचं नाही. हा नियम आम्ही फार कसोशीने पाळला. बेबीने एकदा टेलपीसला, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवतात त्या लाकडाला, गुलाबी रिबीन बांधून वाद्य पाठवलं होतं. मी चकार शब्द काढला नाही. घरात आल्यावर सोडून फेकून दिली.

या वेळी पाळी बदलायची वेळ जवळ आली तशी तिचा फोन आला.

"ताई, खुंट्या अजून सटकतात का गं?"

"सटकतात. बघते मी."

"बघणार असशील तर नीट बघ. नाहीतर पाठवूच नकोस. राहू दे तुझ्याकडेच."

"का? रुसलीस कशावर?"

"रुसायला मी काय लहान आहे? अंगठ्यात जोर नाही राहिला. मागच्या खेपेला शेजारच्या इस्त्रीवाल्याला बोलावून खुंटी फिरवून घेतली. त्याने तार तोडली आणि वर मलाच विचारलं, आजी, हे टाकून का देत नाही?"

ती हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. मेहुणे गेल्यापासून ती एकटी असते. सकाळी तासभर वाजवलं की तिचा दिवस सुरू होतो, आणि ज्या सहा महिन्यांत वाद्य माझ्याकडे असतं त्या सहा महिन्यांत ती फोनवर मला रोज काय वाजवलं ते विचारते. तिने पाळी सोडली तर हे सगळंच बंद पडणार. वर्षभर व्हायोलिन एकटीने कवटाळून मी काय करायचं होतं? म्हणून ठरवलं, खुंट्या बदलायच्या, आणि बदलायच्या तर चांगल्यातल्या चांगल्या. टेलपीस आणि वाटीही त्याच लाकडाची. वाद्य असं करून द्यायचं की बेबीने नावं ठेवता कामा नये.

तिथून माझ्या नाकी नऊ यायला सुरुवात झाली.

बाजारातल्या मोठ्या दुकानात विकणाऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेला सगळा संच समोर ठेवला. काळा कुळकुळीत. मी रुमाल जरासा ओला करून एका खुंटीवर घासला. रुमाल काळा झाला.

"हे आबनूस नाही. हलकं लाकूड रंगवलंय."

"आजी, सगळे हेच नेतात."

"मग सगळ्यांची बोटं काळी होत असतील."

"वाजवताना बोटं कोण बघतं, आजी?"

माझ्या मुलाला वाटलं, दुकानं फिरून आई उगाच दमते. त्याने फोनवरून एक संच मागवला. लाकूड खरं होतं, हे मान्य करते. पण प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर शिंपल्याचं फूल, वाटीवर शिंपल्याचं फूल, टेलपीसवर तर गुच्छच. सजवलेली घोडागाडी वाटत होती. बरं, तेही सोसलं असतं, पण खुंटी भोकात घातली तर थेट मानेपर्यंत आत गेली आणि पलीकडून बोटभर बाहेर आली.

"आई, आता यात काय खोट?" मुलगा म्हणाला.

"खुंटी बारीक आहे."

"मग कागद गुंडाळून बसव."

मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने चष्मा पुसायला घेतला.

भोकं एवढी मोठी का झाली, हे मला डिंक्याकडे गेल्यावर कळलं. डिंक्या म्हणजे आमच्या गावातला वाद्यं दुरुस्त करणारा. त्याच्या खोलीत पाऊल टाकलं की सरसाचा वास नाकात शिरतो, म्हणून हे नाव. समोर कुणी म्हणत नाही, पण त्याला ठाऊक आहे. त्याने आमचं व्हायोलिन दिव्याखाली धरलं, भोकात डोकावला आणि बोटाच्या टोकावर थोडी पांढरी भुकटी काढली.

"ताई, हा काय प्रकार?"

"खडू. खुंटी सटकली की लावतो."

"फळ्यावरचा?"

"नाही हो. शिंप्याचा. कापडावर आखायचा."

आमच्या घरी हीच रीत होती. वडिलांच्या शिवणयंत्राच्या खणात चपट्या खडूच्या वड्या असायच्या. खुंटी सटकली की ते खडूची धार खुंटीवर दोनदा ओढायचे आणि म्हणायचे, झालं. पुढे आम्ही दोघींनीही तेच केलं. बेबी तर अजून निळा खडू वापरते, कारण तिला पांढरा दिसत नाही.

"खडूने काम भागतं," डिंक्या म्हणाला, "पण तो लाकूड घासत राहतो. तुमची भोकं गोल नाही राहिलेली. अंड्यासारखी झालीत. यात सोन्याची खुंटी घातली तरी सटकणार."

दोन घरांनी जन्मभर जपलेलं वाद्य, आणि भोकं मोठी करणारी आम्हीच. मला कुणावर चिडावं ते कळेना. वडील तर केव्हाच गेले.

उपाय होता. भोकं कोरून पुन्हा गोल करायची आणि त्यांच्या मापाच्या जाड खुंट्या तासून बसवायच्या. डिंक्याने फडताळातून एकेक लाकूड काढलं. आबनूस, पिवळट बॉक्सवूड, तांबूस झाक असलेलं शिसवी. शेवटी एका खोक्यातून त्याने काळ्या खुंट्यांचा आणखी एक संच दाखवला.

"यांच्या पोटात दातेरी चाकं असतात. दांड्याची टोकं भोकात घट्ट राहतात, डोकं फिरवलं की तार गुंडाळणारा मधला भाग तेवढा हळूहळू फिरतो. दोन बोटांनी फिरवा. सटकत नाहीत."

मी एक हातात घेतली. डोकं काळं, निर्जीव, दांडा धातूचा.

"हे व्हायोलिन आहे. भिंतीवरचं घड्याळ नाही."

"तुमची मर्जी. पण वाजवणार कोण? बहिणीला एकदा घेऊन या. हात बघून ठरवू."

"आत्ता पाळी माझी आहे. तिला विचारायचं नसतं."

मी शिसवी निवडली. एकेक खुंटी उजेडात धरून रेषा सरळ आहेत की नाही ते पाहिलं, दोन परत केल्या, एक बदलून घेतली. टेलपीस त्याच रंगाचा, वाटी त्याच रंगाची. पुढचे कित्येक दिवस डिंक्याने मला झुलवलं. एकदा खुंटी तासताना चिरली, एकदा त्याची पाठ धरली, एकदा तो घरीच नव्हता आणि दाराला कुलूप. अखेर वाद्य हातात आलं तेव्हा मी खुंटी फिरवून पाहिली. लोण्यातून फिरावी तशी फिरली आणि थांबवली तिथे थांबली. माझा अंगठा अजून बरणीची घट्ट झाकणं उघडतो. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

बेबी आली. पाळी बदलताना आम्ही आठवडाभर एकत्र राहतो, कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने पेटी उघडली.

"अगं बाई. काय सुंदर दिसतंय." खुंट्यांवरून तिने बोट फिरवलं. "वाटीसुद्धा बदललीस?"

"सगळं एकाच लाकडाचं आहे."

एक तार थोडी उतरली होती. तिने वाद्य मांडीवर घेतलं आणि खुंटी धरली. अंगठ्याचं नख पांढरं पडलं. खुंटी जागची हलेना. मग एकदम हलली आणि मागे सुटली, टर्र. तिने पुन्हा धरली. मग दुसऱ्या हाताचा आधार दिला.

"आत दाबत फिरव," मी म्हणाले.

"जन्मभर तेच केलंय, ताई. आता दाबलं की रात्रभर ठणकतो."

"आण, मी लावून देते."

"आत्ता लावशील. माझ्या घरी कोण लावणार? इस्त्रीवाला?"

तिने वाद्य पेटीत ठेवलं, मखमलीचा तुकडा नीट पांघरला आणि झाकण लावलं. "फार छान झालंय. तुझ्याकडेच शोभेल."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे पिशवीतून कपडे काढून घडी घालायला घेतले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"कसल्या हव्यात ते आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुझी पाळी होती."

"खड्ड्यात गेली पाळी."

"मग तू विचारायचंस की. अंगठ्याचं सांगितलं होतं मी. तू ऐकलंस का?"

ऐकलं होतं. पण खुंट्या पारखल्या त्या माझ्या हाताने. तिचा हात फोनच्या पलीकडे होता आणि मी तो एकदाही मनात आणला नव्हता. पेटी उचलली आणि म्हणाले, "चल."

आम्ही दोघी व्हायोलिन घेऊन एकत्र कुठे गेलो, असं मोठेपणी प्रथमच घडलं. डिंक्याने आम्हाला पाहिलं, खोकं काढलं आणि चाकांची खुंटी बेबीच्या हातात दिली. बेबीने दोन बोटांनी डोकं फिरवलं. मग उलटं फिरवलं. मग डाव्या हाताने फिरवलं.

"ह्याच," ती म्हणाली.

"शिसवी डोक्याच्या मिळतात का?" मी विचारलं.

"मागवाव्या लागतील. कधी येतील सांगता येत नाही."

"काळ्याच लावा," बेबी म्हणाली.

"वर काळं, खाली तांबूस. एका पायात बूट, एका पायात चप्पल."

"तुला बघायचंय की मला वाजवायचंय?"

डिंक्या खाली मान घालून भोकं मोजत होता. मग त्याने सांगितलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. माझ्या जाड खुंट्यांसाठी त्याने भोकं वाढवली होती. या खुंट्या बारीक. म्हणजे आता चारही भोकं लाकडाने बुजवायची, सरस सुकू द्यायचा आणि पुन्हा नवी पाडायची.

"तेव्हाच म्हणालो होतो, बहिणीला आणा," तो म्हणाला.

"तुम्ही पुष्कळ काही म्हणता. उद्या या असंही म्हणता."

"उद्या नका येऊ मग. सावकाश या."

बेबी खोकल्यासारखं करून हसली. त्या दोघांची लगेच गट्टी जमली, याचाही मला राग आला.

सरस सुकेपर्यंत बेबी माझ्याकडे राहिली. आठवड्यापेक्षा बरेच जास्त दिवस झाले. तिने माझं कपाट लावून दिलं, त्यामुळे मला अजून काही सापडत नाही. माझ्या सुनेला तिने मी लहानपणी कशी रडायचे ते करून दाखवलं. शिसवी खुंट्या मी रुमालात बांधून खणात टाकल्या. त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

वाद्य आलं. टेलपीस आणि वाटी माझी, खुंट्या तिच्या. मला तर अजूनही ते विजोड दिसतं. बेबी खिडकीपाशी बसली आणि पहिली तार चढवायला लागली. या चाकांच्या खुंटीला डोकं फार वेळा फिरवावं लागतं. सूर मुंगीच्या पावलाने वर चालला होता. जवळ आला, पुढे निघून गेला. ती मागे आली, जास्तच मागे आली. पुन्हा वर. लहानपणी वडिलांबरोबर नाटकगृहात गेलो की पडद्यामागे मी वाद्य तिच्या हातातून घेऊन दोन झटक्यांत जुळवून द्यायचे. आता मी हात मांड्यांखाली दाबून बसले होते, नाहीतर ते आपोआप पुढे गेले असते.

"ताई, श्वास घे."

"घेतेय."

"नाही घेत आहेस. मला ऐकू येतं."

दुसरी तार. तिसरी. चौथीला तर मला वाटलं संध्याकाळ होणार. अखेर चारही जुळल्या. तिने गज ओढून दोन-दोन तारा एकत्र वाजवून पाहिल्या. सूर स्वच्छ होता, यात काही शंका नाही. अंगठा तिने एकदाही चोळला नाही. मला वाटलं, आता वाजवेल.

तिने गज खाली ठेवला, चारही खुंट्या उलट्या फिरवल्या आणि सगळ्या तारा पार उतरवून टाकल्या.

"आता काय झालं?"

"काही नाही." ती पहिल्या खुंटीला हात घालत म्हणाली, "पुन्हा एकदा माझी मी लावते."

मी उठून खिडकी बंद केली, कारण शेजाऱ्यांनाही कान आहेत.