मे महिन्यातलं मीठ

मीठ कमी खा.

रक्तदाबाच्या पत्रकातलं पहिलं वाक्य. मसुऱ्यात नर्सबाई म्हणून फिरताना अनुजाने ते इतक्या पडव्यांत वाचून दाखवलंय की आता ते

पट्टा फुगला. थांबला. सुस्कारला.

एकशे ऐंशीच्या जवळ. पुन्हा.

समोर लवूकाका, दंड पुढे करून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला दोनदा गेले, दोनदा परत आले: आधी प्रेशर उतरवा. सोमवारी तिसरी तारीख. मागच्या आठवड्यात विहिरीपाशी त्यांचा पाय काठाबाहेर पडला होता, सुशीलाकाकीने सदरा धरला म्हणून

"काका, खरं सांगा. काय खाता?"

"पेज. आळणी. म्हशीन पण तोंड फिरवल्यान असता."

"लोणचं?"

"नाय."

"खारा बांगडा?"

"शेजारी भाजतत तेवा मी खळ्यात जावन बसतंय."

"गोळ्या?"

"ह्या काकीक इचार."

काकी चुलीपासून म्हणाली, "माका कित्याक इचारतंस? मीठ मिया माळ्यार ठेवलंय. ह्येका दिसता खंय, चोरून खावक."

खोटं बोलतात. सगळ्याच घरांत बोलतात. पापड मोजत नाहीत, सुकट मोजत नाहीत, पाहुण्याकडचं तर

"मग कुठून चढतंय हे? वाऱ्यातून?"

"खाडीवरसून येता आसात," काका म्हणाले. हसले नाहीत.

"रागावू नको गो बाय. उन्हातसून आलंस. सोलकढी घे." काकीने एक पेला तिच्या हातात दिला, एक काकांसमोरच्या पाटावर ठेवला.

अनुजाने घोट घेतला. पेला खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा घोट घेतला.

"काकी, यात मीठ आहे."

"कण पण नाय. फक्त आगळ."

"आगळ."

"तूच सांगलंस मां, मिठाच्या जागी कोकम घाला, चव येता. तेवापासून घालतंय. पेजेत पण, आमटीत पण. आणि ही कढी ह्येका तीन वेळा."

मिठाऐवजी कोकम, लिंबू वापरा. पत्रकात मधोमध. ते तिनेच मोठ्याने वाचलं होतं, इथेच, याच पाटावर बसून. सुकी, बिनमिठाची कोकमं, असं कुठे छापलेलं नव्हतं आणि तिने

फडताळात आगळाची बरणी. रातांब्याचा, ओल्या कोकमाचा, लाल रस, तळाशी न विरघळलेले मिठाचे खडे. वर्षभर टिकायला हवा म्हणून. तिच्या आईच्या फडताळातही अशीच बरणी आहे.

"काकी, आगळात मूठ-मूठ मीठ असतं. तुम्हीच घालता ना?"

"तां मीठ मे म्हयन्यात घातलेलां. आता खंय रवलां तां?"

अनुजाने पिशवीतून पत्रक काढलं. कोकमाच्या ओळीवर बोट ठेवलं.

या वाडीत ते वाक्य तिने किती घरांत वाचलं असेल?

"मगे सोमवारी?" काकांनी विचारलं.

"सोमवारी नाही, काका. तारीख पुढे जाणार."

काका हात पुढे करून पाटावर आपला सोलकढीचा पेला चाचपू लागले. बोटं पेल्याच्या अलीकडेच फिरत राहिली. अनुजाने तो पेला उचलून स्वतःकडे घेतला, आणि काका रिकाम्या पाटावर तो शोधत राहिले.