सील मी फोडलं

तुम्ही माझ्या ताईला खोटं पाडलंत. तुमच्या कंपनीचं ग्राफिक्स कार्ड तापून कॉम्प्युटर बंद पडतो म्हटल्यावर तुमचा सर्व्हिस सेंटरमधला साहेब म्हणाला, "खिडकी उघडी ठेवा." तिचं कार्टूनचं काम हातचं जायला लागलं, तेव्हा मी कार्डाच्या स्क्रूवरचं सील फोडलं.

"अरे, वॉरंटी जाईल."

"काम गेल्यावर वॉरंटी काय चाटायचीय, ताई?"

कार्ड थंड ठेवणारा तुमचा पंख्याचा कूलर काढला, तर उष्णता ओढणाऱ्या पॅडवर कारखान्यातच सोलून काढायचं प्लास्टिक तसंच चिकटलेलं. ताई म्हणाली, "अंगावर रजई घालून पंखा लावलाय मेल्यांनी."

आम्ही बाजारातला दोन पंख्यांचा मोठा कूलर बसवला. काम सुरळीत सुरू झालं. प्लास्टिकचा फोटो पाठवला, तर तुमचं उत्तर आलं: सील तोडलंत, तक्रार बाद. मग सील न तोडता ते प्लास्टिक आम्हाला कसं दिसणार होतं? सांगा, आणि ताईला सांगा.