स्टिअरिंगवरचा जागृत नारळ

अष्टमी गावच्या पुलापाशी एवढी गर्दी, की मासळीवाल्या पाट्या टाकून उठल्या. पांढऱ्या गाडीतून सारथीमहाराज येत होते. हात जोडलेले, डोळे मिटलेले आणि गाडी आपली आपण चाललेली. स्टिअरिंगला एका बाजूला लाल धाग्याने नारळ बांधलेला. "मी हात जोडतो, तो हात धरतो," असं महाराज म्हणायचे, आणि शिकलीसवरली माणसं बोनेटला कुंकू लावायची.

माझा मुलगा नितेश त्यातलाच. धाटावच्या कंपनीत रात्रपाळी करतो, तसलीच गाडी घेतलेली. सून प्रणिता सात महिन्यांची पोटुशी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पेणला तपासायला न्यायचं होतं. हा म्हणे, महाराजांकडून नारळ भारून आणतो, मग पाळी सुटल्यावर स्टिअरिंगमागेच झोपेन, गाडी नेईल. प्रणिता पोटावर हात ठेवून बसली. मी गप्प बसणारी बाई नाही.

महाराजांना म्हटलं, एक फेरी मारा, मी शेजारी बसते. नितेशला मागे कोंबला. गाडी धाटावच्या रस्त्याला लागली, आणि चालली की खरंच.

"महाराज, देवाचा नारळ फोडून वाटतात. तुमचा महिनाभर तसाच कसा?"

"माई, तो जागृत आहे."

"मग दमला असेल. घटकाभर पडू दे त्याला," म्हणत मी गाठ सोडली.

जरा वेळाने गाडी कोकलायला लागली. पडद्यावर चित्र आलं, स्टिअरिंगचं चाक आणि त्यावर दोन हात. अक्षरशत्रूलाही कळावं असं. पुढे डांबराचं ठिगळ, पांढरी पट्टी पुसलेली. गाडी निघाली गटाराकडे. तेव्हा महाराजांनी डोळे उघडले आणि देवाच्या हातातून चाक हिसकावून घेतलं.

नितेश घामाने भिजला. "आये, शोरूमवाल्या पोरीनं सांगितलंवतं. गाडी पट्टी बघून चालते. चाकाला हाताचा भार लागला नाय का बोंबलते. नारळाच्या वजनाला ती हात समजत व्हती."

"तुला ठाऊक होतं, आणि तू माझ्या सुनेला नारळाच्या हवाली करत होतास?"



पुलावर उतरून मी सगळ्यांना सगळं सांगितलं आणि नारळ फोडून वाटला. महाराज दोन्ही हातांनी चाक धरून निघून गेले. मासळीवाली चंद्रावती म्हणाली, "देव सुट्टीवर गेला वाटतं गो."

दुसऱ्या दिवशी नितेश घरी झोपला, आम्ही दोघी एसटीने पेणला गेलो. बाळाचे ठोके चांगले निघाले.

गाडीतली यंत्रं वाईट नाहीत. ती जाग्या माणसाच्या मदतीला केलीत. त्यांना फसवून झोपायचंच असेल, तर शेजारच्या सीटवर बसलेल्या बाईला आधी विचारा, आणि मग झोपा.