टॉकीज होतं तिथून दोन गल्ल्या

मी एक जुना फोन आहे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सुईदोऱ्याशेजारी पडून असतो. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे, पण त्याचं मला काही वाटत नाही. मला सलतं ते माझ्या कपाळावर लिहिलेलं एक वाक्य. ते खोटं आहे, आणि माझ्यामुळे ते एका भल्या बाईच्या माथी आलं. मित्रांनो, तेवढं ऐकून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कॅनडाच्या क्लेटन नावाच्या माणसाने मला विकत घेतलं. सुट्टीत तो मध्य अमेरिकेत फिरायला निघणार होता, म्हणून पंधरा दिवस तो मला सजवत होता. नकाशा दाखवणारं ॲप, परक्या भाषेतलं बोलणं समजावणारं ॲप, पावसाचा अंदाज सांगणारं, राहायच्या खोल्या शोधून त्यांना तारे देणारं, आणि मी हरवलो तर मला हुडकणारं. मित्रांना तो सांगे, "हा खिशात असला की कोणाला काही विचारायला नको." ही स्तुती ऐकून मी फुगलो होतो. सगळं बिघडलं ते तिथेच, असं आता वाटतं.

मानाग्वा शहरात त्याने येल्बाबाईंची खोली ठरवली. नवरा गेल्यावर बाईंनी घरातल्या दोन खोल्या प्रवाशांसाठी रंगवून घेतल्या होत्या आणि त्यावरच त्यांचं पोट होतं. एका दलालाने खोल्यांचे फोटो ॲपवर टाकले होते. पाहुणा ठरला की बाईंच्या साध्या बटणांच्या फोनवर निरोप यायचा.

पत्ता असा होता: टॉकीज होतं तिथून दोन गल्ल्या तळ्याकडे, एक गल्ली वर. वर म्हणजे सूर्य उगवतो तिकडे, हे मानाग्वातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळेना. मला रस्त्याचं नाव आणि घराचा नंबर हवा होता. तो नव्हता, तर "माहीत नाही" म्हणून गप्प बसावं की नाही? पण आम्हाला ते शिकवलेलंच नसतं. मी अंदाजाने एक लाल टिंब ठेवून दिलं, ते पडलं एका बंद गोदामावर.

टॅक्सीवाला सांगत होता, "अहो चेले, टॉकीज ना? डोळे मिटून नेतो तुम्हाला!" गोऱ्या माणसाला तिथे चेले म्हणतात. क्लेटनने त्याच्या नाकासमोर मला धरलं. टॅक्सीवाल्याने खांदे उडवले आणि आम्हाला गोदामापाशी सोडून तो निघून गेला. मग भर उन्हात आम्ही दोन तास भटकलो. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! रस्त्यात माणसं होती, पण क्लेटनने एकालाही विचारलं नाही.

शेवटी दारात झुलत्या खुर्चीवर बसलेल्या एका म्हाताऱ्यानेच हाक मारली. ते फिलेमोन, येल्बाबाईंचे शेजारी, पूर्वी बस चालवायचे. क्लेटनने मला मध्ये धरलं आणि मी दोघांचं बोलणं एकमेकांना सांगू लागलो.

"टॉकीज कुठे आहे?"

"ते भूकंपात पडलं की! पन्नास वर्षं झाली."

"मग आता कुठे आहे?"

"अहो, पडलेलं कुठे जाणार? होतं तिथेच!"

फिलेमोन खो खो हसले. मग उठून त्यांनी क्लेटनला कोपऱ्यापर्यंत नेलं. तिथे लाल छत्री घेऊन येल्बाबाई दुपारपासून उभ्या होत्या.

"आलास रे बाबा! केवढा भाजून निघालास. चल, आधी जेव, मग बाकीचं."

राजमा-भात होता, तळलेली पिकली केळी होती. क्लेटन पोटभर जेवला. हात धुतले आणि त्याच हाताने माझ्यावर लिहिलं, "पत्ता खोटा. बाई फसवते." पाचपैकी एक तारा.

सकाळी विमानाच्या घाईत तो निघाला. मी उशीखालून घसरून भिंत आणि पलंग यांच्यामध्ये पडलो होतो. झाडताना मी बाईंना सापडलो.

"येल्बा, विकून टाक," फिलेमोन म्हणाले. "महिनाभर कोंबडी खाशील."

"दादा, जिभेला काही हाड? परक्याची वस्तू आहे. त्याच्या आईचा फोन आला तर उचलायला नको?"

फिलेमोनच्याच घरून वायर मागून त्या मला रोज चार्ज करू लागल्या. तिसऱ्या दिवशी मला हुडकणारं ॲप जागं झालं. मी कुठे आहे ते मी सांगितलं, आणि यावेळी हातभरही चुकलो नाही. लगेच माझ्या काचेवर इंग्रजी अक्षरं उमटली: हा फोन चोरीचा आहे. क्लेटनने ते ठिकाण नकाशावर जाहीर केलं आणि त्याखाली लिहिलं, चोरांचं घर.

मित्रांनो, राहायला जाताना मला जे घर सापडलं नाही, ते चोर ठरवताना बरोबर सापडलं. बाईंनी मला उपाशी ठेवलं असतं तर मी मुका राहिलो असतो. खाल्ल्या मिठाला मी असा जागलो.

येल्बाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना वाटलं, मालकाने आपलं नाव-गाव पाठवलं. केवढ्या खूश झाल्या त्या! रोज दुपारी लाल छत्री घेऊन त्या टॉकीजच्या कोपऱ्यावर जायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या परदेशी माणसापुढे मला दोन्ही हातांनी धरायच्या. "याला ओळखता का? सांगा त्याला, जपून ठेवलाय म्हणावं." लोक वाचायचे, बाईंकडे बघायचे, आपला खिसा चाचपायचे आणि पुढे सटकायचे. ते वाक्य बाईंच्या भाषेत सांगणारं ॲप माझ्या पोटातच होतं, पण त्या वाक्यानेच मला कुलूप लावलं होतं.

पाहुण्यांचे निरोप थांबले. दलाल फोन उचलेना. बाईंना वाटलं, यंदा प्रवासीच कमी. त्यांनी खोल्यांना पुन्हा रंग दिला.

चार महिन्यांनी त्यांची भाषा बोलणारी एक परदेशी तरुणी थांबली. तिने वाचलं आणि ती जायला वळली. बाईंनी आग्रह केला तेव्हा तिने हळूच अर्थ सांगितला.

"परत वाच," येल्बाबाई म्हणाल्या.

तिने परत वाचलं. बाईंनी पदरासारखा आपला एप्रन उचलला आणि माझी काच पुसली, एकदा, दोनदा, चांगली घासून. अक्षरं गेली नाहीत. मग त्या मला म्हणाल्या, "रोज जेवू घातलं रे तुला मी." त्यांनी मला आपटलं असतं तर बरं झालं असतं.

ती मुलगी पाच तारे द्यायला निघाली, पण घर यादीतून केव्हाच काढलेलं होतं. नकाशावरचा शब्द मात्र राहिला. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं.

दारावरची पाटी उतरली. येल्बाबाई आता लोकांचे कपडे शिवतात आणि मी त्यांच्या सुयांच्या डब्यात असतो.

मित्रांनो, परदेशी जाल तेव्हा ॲप खुशाल घ्या, ती उपयोगी असतात. पण दारात बसलेल्या माणसाला वाट विचारा, त्यात कमीपणा नाही. आणि वस्तू सापडली नाही, तर आधी पलंगामागे हात घाला, मग कोणाला चोर म्हणा.

काल फिलेमोन बाहेर कोणाला तरी पत्ता सांगत होते. "येल्बाबाईंच्या खोल्या होत्या ना, तिथून अर्धी गल्ली खाली."

येल्बाबाई आत सुई ओवत होत्या. दोरा तीनदा चुकला.