ज्ञानदाचं वाढणं

ज्ञानदाला साडेपाच वर्षं झाली, तरी तीन वर्षांच्या मुलीचा फ्रॉक तिला सैल व्हायचा. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्या घरात प्रत्येकाला त्याचं कारण दुसऱ्या कुणात तरी दिसायचं.

गोदूबाईंना वाटायचं, सून पोरीकडे बघत नाही. "ही दिवसभर नव्या रायपुरात ऑफिसात. पोट्टीच्या पोटात काय जाऊन राहिलं, हिले काय पत्ता!" शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणायच्या.

विनीताला सासूबाईंचाच संशय होता. एका संध्याकाळी ज्ञानदाच्या तोंडाला कडवट वास आला.

"आजीने क्या खिलाया?"

"बताना नहीं है," पोर म्हणाली.

देव्हाऱ्यामागे चूर्णाची डबी सापडली. विनीता ती घेऊन तडक मुलांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर निवेदितांनी डबी हुंगून बाजूला ठेवली. "हे बंद करा. पण उंची यानं खुंटलेली नाही. ही जन्मतःच लहान होती, बोललीही उशिरा. गुणसूत्रं तपासू या."

ज्ञानदाच्या एका गुणसूत्राचा तुकडा कमी निघाला, दुसऱ्याचा जास्तीचा. मग आईवडिलांचंही रक्त घेतलं.

निकाल यायचा होता, ते दिवस फार वाईट गेले. गोदूबाईंनी नागपूरला फोन करून विनीताच्या माहेरची चौकशी केली. नरेंद्र बायकोच्या नजरेला नजर देईना. शेवटी जेवताना त्यानं विचारलंच, "तुझा तो मामा ठेंगणा होता ना?"

विनीता ताटावरून उठली.

दोष निघाला नरेंद्रकडे. त्याच्या दोन गुणसूत्रांनी आपसात तुकडे बदलले होते. एकूण हिशोब पुरा, म्हणून त्याला काही झालं नव्हतं. लेकीकडे मात्र अदलाबदल झालेल्या त्या दोनांपैकी एकच गुणसूत्र गेलं होतं.

"यात कुणाची चूक नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्याकडेही हे आईकडून किंवा वडिलांकडून आलं असेल. भाऊबहीण आहेत? त्यांच्यातही असू शकतं, यानं गर्भही पडतो."

बहीण होती, मंजिरी. वारंवार गर्भ पडला म्हणून सासरच्यांनी परत पाठवलेली, आता त्याच घरात राहणारी.

नरेंद्रनं घरी सांगितलं तेव्हा गोदूबाई म्हणाल्या, "लॅबवाल्यानं रक्त बदलवलं असन."

"मग माझंही तपासू," मंजिरी म्हणाली.

"तुले काहून पाहिजे?"

"जिना चढली म्हणून पडलं, पपई खाल्ली म्हणून पडलं, असं तूच म्हणत होती ना आई? मले माहीत पाहिजे."

मंजिरीतही तेच निघालं. निकाल ऐकून ती अंगणातल्या नळापाशी बसून खूप रडली. विनीता तिच्याजवळ बसून राहिली.

गोदूबाईंनी स्वतःचं रक्त द्यायला साफ नकार दिला. "ह्यांच्याकडूनच आलं असन," त्या म्हणाल्या. ते वारून बरीच वर्षं झाली होती, विचारणार कुणाला?

ज्ञानदा ठेंगणीच राहील, पण बोलणं सुधारेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. वाचेच्या शिकवणीला आता मंजिरीच तिला नेते.

"मामाबद्दल मी बोलायले नको होतं," नरेंद्र एकदा म्हणाला.

"हो," विनीता म्हणाली. "आणि नागपूरला फोन करायला आईंना नंबर कुणी दिला होता?"